आमची वाटचाल: काळ्या टेपच्या चार पट्ट्या

विद्यापीठ परिसरातल्या पर्यावरणपूरक इमारती लोकांना पायी फिरवून दाखवायच्या, हा धंदा होऊ शकतो हे २०१४ साली आमच्या सीएलासुद्धा पटलं नव्हतं. नोंदणीच्या फॉर्मवर व्यवसायाच्या रकान्यात त्याने शेवटी 'पर्यटन व इतर' असं लिहिलं. आजही तेच आहे. आम्ही त्यातल्या 'इतर'मध्ये येतो.

विद्यापीठाचं नाव इथे लिहीत नाही. मराठवाड्यातलं आहे, एवढं पुरे. पुढे तक्रार येणार आहे आणि आम्हाला त्याच फाटकातून रोज आत जायचं असतं.

पहिल्या वर्षी आमच्याकडे होतं ते एवढं: एक टेम्परेचर गन, उजेड मोजायचा एक लक्समीटर, ओल्या-कोरड्या बल्बचा थर्मामीटर, पाच मीटरचा टेप, उदबत्तीचा पुडा आणि वीटकामाचा एक कापलेला नमुना, जो दोघांना धरून न्यावा लागायचा. मार्ग सव्वादोन किलोमीटरचा, वेळ अडीच तास, एका तुकडीत पंधराच माणसं. सोळावा माणूस जिन्यात मागे राहतो आणि त्याला काहीच ऐकू जात नाही. मग तो फोन काढतो आणि त्याचं बघून इतर चौघं काढतात. भोंगा आम्ही कधी वापरला नाही. बाजूला तास चालू असतात.

मोठी अडचण वेळेची होती. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो, म्हणून सगळे सुचवायचे की फेरी सकाळी साडेसहाला ठेवा. ठेवली आणि फसलो. सकाळी अठरा इंची दगडी भिंतीची खोली आणि पत्र्याची शेड यांत सांगण्यासारखा फरकच नसतो, कारण रात्रभरात पत्रा निवलेला असतो. उलट दगड आदल्या दिवशीची धग अजून सोडत असतो आणि पाहुण्याला वाटतं, हे तर उलटंच आहे. जाड भिंतीचं काम उष्णता अडवण्याचं नसून उशिरा पोचवण्याचं आहे. हे दाखवायला दुपार टळावी लागते. तेव्हापासून उन्हाळ्यात फेरी साडेचारला सुरू होते आणि सुरुवात पत्र्याच्या शेडपासून. तिथे पाच मिनिटं उभं करायचं, मग जुन्या दगडी इमारतीत न्यायचं. न बोलता. माणसं आपोआप टोप्या काढतात.

२०१५ ते २०१७ या काळाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. फेऱ्या भरत होत्या, पैसे वेळेवर येत होते.

त्या काळातलं एकच गिऱ्हाईक सांगतो. जालन्याचे एक सळईवाले शेठ. पहिल्यांदा आले ते पोराच्या कॉलेजच्या तुकडीबरोबर, चुकून. उंदीर-सापळा बांधणीच्या भिंतीपुढे थांबले आणि म्हणाले, "कामून हो, ह्या पोकळीत उंदरं नाहीत का शिरणार?" नावच तसं आहे, त्यांचा दोष नाही. या बांधणीत वीट आडवी न ठेवता काठावर उभी करतात. दोन उभ्या विटांत तीन इंचाची पोकळी राहते, भिंत नऊ इंचांचीच होते, विटा साधारण पाव वाचतात आणि पोकळीतल्या हवेमुळे ऊन आत यायला वेळ लागतो. पोकळी सगळीकडून बंद असते, म्हणून उंदीर शिरत नाही. पण कोपरे, खिडकीखालचा थर आणि लिंटेलखालचा, म्हणजे दारं-खिडक्यांवरच्या आडव्या तुळईखालचा, थर भरीवच घ्यावा लागतो. मिस्त्री घाईत असला की माल पोकळीत पडतो, तो वाळून आतून दोन्ही बाजू जोडतो आणि पावसाळ्यात नेमकी तिथेच ओल उमटते. यावर उपाय म्हणजे पोकळीत लाकडी पट्टी टाकून थर लावायचा आणि थर झाला की पट्टी वर ओढायची. वायरिंगचे पाइपही बांधतानाच घालायचे, मागाहून खाचा मारल्या की वीटच फुटते.

शेठनी हे सगळं ऐकलं, नमुन्यात बोट घालून पोकळी मोजली आणि दिवाळीनंतर बारा मिस्त्री घेऊन परत आले. तेव्हापासून दरवर्षी येतात. कॅन्टीनच्या फिलर स्लॅबखाली तर ते अर्धा तास मान वर करून उभे असतात. स्लॅबच्या खालच्या भागातलं काँक्रीट ताण घेत नाही, तो सळई घेते. म्हणून सळयांच्या चौकटींत मंगळुरी कौलांच्या जोड्या बसवून तेवढं काँक्रीट वाचवतात. वजन घटलं की सळईही थोडी कमी लागते. सळई विकणारा माणूस हे बघायला जालन्याहून स्वखर्चाने येतो, यावर आमच्याकडे कायम चेष्टा चालते. कौलं आधी भिजवायला विसरलात तर ती काँक्रीटमधलं पाणी पितात आणि त्यांच्याभोवतीचा माल कच्चा राहतो, हे मिस्त्रींना सांगायचं काम आता शेठच करतात. आम्ही बाजूला उभे राहतो.

आता मूळ मुद्दा.

२०१७च्या शेवटी परिसरात दुसरी मंडळी आली. ई-रिक्षा, भोंगा, हिरव्या टोप्या, चाळीस मिनिटांत सगळा परिसर आणि प्रत्येक पाटीसमोर फोटो. स्पर्धेबद्दल तक्रार नाही. ज्याला पाट्या बघायच्या त्याने पाट्या बघाव्यात. पण त्यांनी आमचं बघून टेम्परेचर गन घेतली आणि तिथून बिघडलं.

नव्या अभ्यासिकेचं छत चकचकीत पत्र्याचं आहे. शेजारच्या गच्चीवरून कठड्यापाशी त्या पत्र्याला हात लागतो. ते लोक पाहुण्यांना त्या गच्चीवर नेत, दुपारी दोनला पत्र्यावर गन रोखत आणि आकडा दाखवत: ३१. मग पायाखालच्या साध्या स्लॅबवर: ५२. "बघा, नव्या तंत्राचं छत एकवीस अंशांनी थंड!" टाळ्या. हा आकडा विद्यापीठाच्या संबंधित कार्यालयाच्या माहितीपत्रकात छापून आला आणि तुम्हीही फेरीत हेच सांगा, असं आम्हाला तोंडी कळवण्यात आलं. आम्ही सांगितलं नाही. मार्च २०१८मध्ये आमच्या परवानगीचं नूतनीकरण 'विचाराधीन' झालं आणि पुढचे दहा महिने तसंच राहिलं.

ज्यांच्या हातात अशी गन आहे त्यांनी नीट वाचावं. ही गन तापमान मोजत नाही. पृष्ठभागावरून येणारी अवरक्त किरणं मोजते आणि त्यावरून तापमानाचा हिशेब करते. हिशेबात एमिसिव्हिटी, म्हणजे पृष्ठभाग किती सहज किरणं सोडतो ते प्रमाण, धरलेली असते. स्वस्त गनमध्ये ती ०.९५ वर पक्की असते, बदलता येत नाही. सिमेंट, वीट, माती, रंग, लाकूड यांना ती चालते. चकचकीत धातू स्वतःची किरणं फार कमी सोडतो आणि आरशासारखी समोरची परत पाठवतो. पत्र्यासमोर काय असतं? निरभ्र आभाळ, जे गनच्या दृष्टीने अतिशय थंड आहे. म्हणजे ते ३१ निम्मंशिम्मं आभाळाचं तापमान होतं. त्या पत्र्यावर उघडा तळवा टेकवला असता तर हिशेब तिथेच मिटला असता, पण टाळ्या वाजवणाऱ्यांत तळवा टेकवणारा कोणी नव्हता.

उपाय चाळीस रुपयांचा. इलेक्ट्रिशियनची काळी टेप घ्या. ती पाऊण इंच रुंद असते, म्हणून चार पट्ट्या शेजारी शेजारी चिकटवा, म्हणजे तीन इंचांचा पट्टा होतो. गनवर १२:१ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ बारा फुटांवरून ती एक फूट रुंदीच्या गोलाची सरासरी देते, लाल ठिपक्याची नव्हे. तीन इंचांसाठी तीन फुटांच्या आत, खरं तर दोन फुटांवर उभं राहा. पाच मिनिटं थांबा. मग टेपवर रोखा.

हे आम्ही स्थापत्य विभागातल्या एका प्राध्यापकांसमोर केलं, तारीख-वेळ लिहून. उघड्या पत्र्यावर ३१, टेपवर ५८. लगेच हरकत आली: टेप काळी आहे, उन्हाने तीच तापली असेल. हरकत रास्त होती, म्हणून शेजारी फिकट मास्किंग टेप लावली. अवरक्त किरणांना काळा-पांढरा रंग फारसा कळत नाही. आकडा ५७. मग खाली उतरून आतून, जिथे पत्र्याला ऑइलपेंट आहे, तिथे रोखली: ५६. अभ्यासिकेत मुलं संध्याकाळी का बसत नाहीत, या प्रश्नाचंही उत्तर त्यातच होतं, पण ते कोणी विचारलं नव्हतं.

जानेवारी २०१९मध्ये परवानगी आली. एका ओळीचं पत्र. त्यात टेपचा उल्लेख नाही, आकड्याचा नाही. माहितीपत्रकाच्या नव्या छपाईत 'एकवीस अंशांनी थंड' हे जसंच्या तसं आहे. दुसरी मंडळी मधल्या काळात निघून गेली, ई-रिक्षा आता लग्नाच्या हॉलबाहेर दिसते.

त्या दहा महिन्यांत चार मार्गदर्शकांचे दोन झाले. तगलो ते शेठमुळे. त्यांनी त्यांच्या यार्डात उंदीर-सापळा बांधणीची, फिलर स्लॅबची आणि मातीच्या ब्लॉकची अशा तीन नमुना-खोल्या बांधायला जागा दिली आणि मिस्त्रींच्या चौदा तुकड्यांचे पैसे आगाऊ दिले. पावती मागितली नाही. आम्ही दिली. (२०२०चा लॉकडाऊन त्यामानाने सोपा गेला. तेव्हा सगळ्यांचंच बंद होतं.)

त्या यार्डातून एक गोष्ट पदरात पडली, ती म्हणजे मातीच्या ब्लॉकचा थांबा. मराठवाड्यात मातीची भिंत दाखवली की पहिला प्रश्न ठरलेला: "किल्लारीचं काय?" चुकीचा नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटेच्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसं गेली, ती बहुतेक दगड-मातीच्या घरांतच. म्हणून आम्ही उत्तर टाळत नाही, तिथेच थांबतो. त्या भिंती दोन-अडीच फूट जाड होत्या. बाहेरचा एक दगडी पदर, आतला एक, मध्ये माती आणि चिपा. दोन पदरांना बांधणारे थ्रू स्टोन, म्हणजे भिंतीच्या आरपार जाणारे दगड, नव्हते. वर माळवदावर, म्हणजे सपाट धाब्यावर, पिढ्यान्पिढ्या चढवलेला मातीचा थर. हादरा बसला तसे पदर सुटे झाले आणि वरचा बोजा खाली आला. माती होती म्हणून नव्हे, भिंत बांधलेली नव्हती म्हणून. आमच्या नमुन्यात थ्रू स्टोन लाल रंगवलेले आहेत, लिंटेलच्या पातळीवर सलग पट्टा आहे आणि छत हलकं आहे.

ब्लॉकसाठी काळी माती चालत नाही, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगावं लागत नाही. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात तिच्यात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. इतरांना बाटली दाखवतो. फेरी सुरू होताना दोन पारदर्शक बाटल्यांत माती, पाणी आणि चिमूटभर मीठ टाकून हलवायचं. अडीच तासांनी मुरमाड लाल मातीची रेती तळाला स्वच्छ बसलेली असते, वर गाळाचा थर, पाणी बरंचसं निवळलेलं. काळ्या मातीची बाटली अजून चहासारखी. लाल मातीत पाच ते आठ टक्के सिमेंट, दाबयंत्रातून ब्लॉक, मग गोणपाटाखाली किमान तीन आठवडे ओल. ही ओलच बहुतेक ठिकाणी चुकते. पाण्याचा टँकर विकत घेणारा माणूस ब्लॉकवर पाणी मारत नाही.

गिलाव्याच्या थांब्यावर वेरूळचा उल्लेख येतो. तिथल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे अंश सापडल्याचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. मुद्दा एवढाच की तंतूमुळे गिलावा तडकत नाही, आपल्या घरी तेच काम गव्हाचा भुस्सा करतो. कॉलेजच्या तुकडीला हे शेवटी सांगावं. आधी सांगितलं तर पुढचं काही ऐकत नाहीत.

पावसाच्या पाण्याचा हिशेब पाहुण्यांकडूनच करून घेतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. शंभर चौरस मीटरची गच्ची, वर्षाला सातशे मिलिमीटर धरा, वीस टक्के वाया. छप्पन हजार लिटर. २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, ते आठवणारे लोक हा आकडा दोनदा गुणून बघतात. पहिल्या सरीचं पाणी सोडून द्यायची झडप दाखवतो. जिथे ती असते तिथे बहुतेकदा गंजलेली असते.

सौर पॅनेलबद्दल फक्त धुळीचं सांगतो. बाकी आता सगळ्यांना माहीत आहे.

कोणी अशा फेऱ्या सुरू करणार असेल तर विचारलं नसलं तरी सांगतो. गच्चीच्या किल्ल्या शिपायाकडे असतात, पत्र कुलसचिवांचं असलं तरी. शिपायाला फेरी एकदा फुकट दाखवा, किल्ली मग शोधावी लागत नाही. कपाळावर रोखायची कोरोनातली गन आणू नका, ती त्रेचाळीसच्या आसपास हात वर करते. चौकातला वारा दाखवायला उदबत्ती उत्तम, पण वातानुकूलित इमारतीत पेटवू नका. धुराचा अलार्म आम्ही दोनदा वाजवला आहे, एकदा परीक्षा चालू असताना. मार्च ते मे आग्यामोहोळ कुठे बसलंय ते आदल्या दिवशी बघून या आणि त्या बाजूला उदबत्ती अजिबात नको. पैसे आगाऊ घ्या.

अभ्यासिकेच्या पत्र्यावर त्या चार पट्ट्या अजून आहेत. पाहुण्यांना तिथे नेऊन आधी पत्र्यावर आणि मग टेपवर गन रोखायला देतो, आकडे त्यांनीच मोठ्याने वाचायचे. उन्हाने कडा उचकटल्यात आणि खाली हवा शिरली की आकडा चुकतो. मृगाच्या आधी बदलायच्या आहेत.