जॅक चार्लटन यांच्यावरचा माहितीपट पाहून

आज फुटबॉलपटू जॅक चार्लटन यांच्यावरचा माहितीपट पाहिला. 1966 मध्ये इंग्लंडकडून विश्वचषक जिंकलेल्या, खाणकामगाराच्या घरात जन्मलेल्या या माणसाने प्रशिक्षक म्हणून आयर्लंडला 1990 च्या विश्वचषकात उपांत्यपूर्व फेरीपर्यंत नेले. अखेरच्या काळात मात्र डिमेन्शियामुळे (स्मृतिभ्रंशामुळे) त्यातले बरेचसे त्यांनाच आठवत नव्हते. जुन्या सामन्याचे चित्रण पाहताना त्यांच्या आयर्लंड संघातला खेळाडू पॉल मॅकग्रा दिसतो आणि जॅक यांचा चेहरा एकदम खुलतो. बंधू बॉबी आणि सहकारी नॉबी स्टाइल्स यांनाही स्मृतिभ्रंशाने गाठले. डोक्याने वारंवार चेंडू मारण्याचा (हेडर) या आजाराशी संबंध असावा, अशी शंका घेतली जाते. इंग्लंडमध्ये प्राथमिक शाळेच्या वयातील मुलांना सरावात हेडर न मारू देण्याचा निर्णय 2020 मध्ये झाला, आणि माझ्या मते तो फारच उशिरा झाला.