पत्रांची तार, मायने आणि हरवलेली भावकी

जुन्या घराच्या माळ्यावर अजूनही कुठे कुठे पत्रांची तार सापडते. तिच्यावरून वंशावळ लावता येते आणि हरवलेली भावकी शोधता येते, ती अशी. आलेलं पत्र वाचून झालं की आकड्यात ओवून टाकायचं, त्यामुळे सर्वांत जुनं तळाशी आणि शेवटचं वर. हा क्रम हाच पहिला पुरावा. पत्रं मोकळी करण्याआधी त्याचे फोटो काढून ठेवा. गंजलेल्या तारेवरून कार्ड ओढलं तर भोकाभोवतीची अक्षरं जातात. त्यापेक्षा पकडीने तारच तोडावी. प्रत्येक पत्रावर कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने क्रमांक घाला आणि पत्राची त्याच्या पाकिटापासून ताटातूट करू नका. सेलोटेप आणि लॅमिनेशन दोन्ही वर्ज्य. जांभळट मजकूर बहुधा कॉपिंग पेन्सिलीचा असतो, ओलं फडकं लागलं की तो पसरतो. पुसट झालेली पेन्सिल खिडकीच्या तिरप्या उजेडात धरली तर दाबाच्या खुणांवरून वाचता येते.

मग लगेच मजकुरात शिरू नका, आधी मायना, म्हणजे सुरुवातीचं संबोधन, वाचा. निम्मी वंशावळ तिथेच असते. ‘तीर्थरूप’ म्हणजे सहसा स्वतःचे आईवडील, ‘तीर्थस्वरूप’ म्हणजे काका, मामा, सासरे यांच्यासारखे वडीलधारे. सगळेच हा भेद काटेकोर पाळत नसत, म्हणून एकाच हातची चार-पाच पत्रं शेजारी ठेवून त्या माणसाची सवय ओळखावी. ‘चिरंजीव’ लहानांना, ‘राजमान्य राजेश्री’ बहुतेक वेळा बरोबरीच्या किंवा बाहेरच्या माणसाला. एखाद्या बाईच्या नावामागचं ‘सौ.’ जाऊन ‘गं. भा.’ आलं, की त्या दोन पत्रांच्या दरम्यान तिचा नवरा गेला, एवढं नक्की. ते कळवणारं कार्ड मात्र शोधत बसू नका. अशुभ बातमीचं पत्र घरात ठेवत नसत, वाचलं की फाडून टाकत. शेवटच्या ‘वडील मंडळींस नमस्कार, लहानांस आशीर्वाद’ या ओळीही वगळू नका. तिथली नावं बऱ्याचदा वयाच्या क्रमाने येतात आणि कोणतं पोर कधी यादीत आलं हे त्यावरून कळतं.

तारीख शके आणि तिथीत असेल तर शकात 78 मिळवा. शके 1846, श्रावण शुद्ध पंचमी म्हणजे 1924 चा ऑगस्ट. पण माघ आणि फाल्गुनाला 79 मिळवायचे, कारण तोवर इंग्रजी वर्ष बदललेलं असतं. पौष दोन्हीकडे पडतो, तो पंचांगात बघूनच ठरवावा. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या पत्रात विक्रम संवत् असेल तर साधारण 57 वजा. तिकडे महिना पौर्णिमेला संपतो, त्यामुळे वद्य पक्षात आपल्याशी महिन्याच्या नावाचा फरक पडतो. तारीखच नसेल तर पत्राच्या खुणा बघा: आंतर्देशीय पत्र 1950 नंतरचं, ‘नये पैसे’ 1957 ते 1964 मधले, पिनकोड 1972 च्या ऑगस्टनंतरचा.

पत्त्यात ‘मु.’ (मुक्काम) आणि ‘पो.’ (पोस्ट) वेगळे असतील तर माणूस ‘मु.’ च्या गावचा. शिक्का मात्र पोस्टाच्या गावचा. ‘जि. कुलाबा’ दिसलं तर रायगडात शोधा, आणि 1981 पूर्वीचा ‘जि. रत्नागिरी’ आजच्या सिंधुदुर्गातलाही असू शकतो.

सगळ्यात घोळ नावांचा. आजोबांचं नाव नातवाला, त्यामुळे गोविंद रामचंद्र आणि रामचंद्र गोविंद आळीपाळीने येत राहतात आणि दोन पिढ्यांचा एकच माणूस होऊन बसतो. लग्नात बाईचं नाव बदलायचं, म्हणून माहेरच्या पत्रातली यमू सासरच्या पत्रात लक्ष्मीबाई असते. दत्तक गेलेल्याचा बाप, आणि बऱ्याचदा आडनावही, बदलतं. नाना, तात्या, अण्णा तर प्रत्येक घरात. म्हणून तक्त्यात नाव लिहिताना ‘कोणी, कोणत्या क्रमांकाच्या पत्रात, काय म्हटलं’ असे तीन रकाने ठेवावेत. पत्र मोडी लिपीत असेल तर वाचणाऱ्याला एकच पत्र देऊ नका. शब्दांत अंतर नसतं, त्यामुळे हात ओळखीचा व्हायला त्याच माणसाची पाच-सहा तरी लागतात.

पत्रांवरून गाव ठरलं की जमिनीच्या कागदांकडे वळा. सातबाऱ्यापेक्षा जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदी, जास्त बोलतात. वारस नोंदीत मयताचं नाव आणि त्याच्या मागे कोण कोण, हे एका जागी मिळतं. 1956 चा वारसा कायदा येण्याआधी त्यात मुली क्वचित दिसतात. नंतरच्या नोंदींत मुली सासरच्या नावानिशी येतात, आणि हरवलेली शाखा बहुतेक वेळा तिथेच सापडते. जन्ममृत्यूसाठी तहसिलातला गाव नमुना 14 मागा. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या, म्हणजे यात्रेकरूंच्या घराण्यांची नोंद ठेवणाऱ्या पुरोहितांच्या, वह्यांसाठी आडनाव आणि मूळगाव माहीत हवं. नुसतं आडनाव सांगितलं की हेलपाटा ठरलेला.

आता नवे नातेवाईक. अनोळखी माणसाने फोनवर ‘आपण भाऊबंद’ म्हटलं की समोरच्याच्या मनात पहिला विचार येतो जमिनीच्या हिश्श्याचा, आणि तो गैर नाही. म्हणून पहिल्याच वाक्यात जमिनीशी संबंध नसल्याचं सांगा आणि त्यांच्या आजोबांच्या हातच्या पत्राचा फोटो पाठवा, सहीचा भाग दिसेल असा. कागद मागण्याआधी द्यावा. मग चार गोष्टी पडताळा: कुलदैवत, गोत्र, मूळगाव, आणि एकमेकांचं सुतक कधीपर्यंत पाळलं. कुलदैवत एक असून भावकी नसते असं पुष्कळदा होतं. अर्धा महाराष्ट्र खंडोबाचा आणि भवानीचा. सुतकाचा प्रश्न मात्र घरातल्या सर्वांत वयस्कर बाईला विचारा. कोण दहा दिवसांचं, कोण तीन दिवसांचं आणि कोणाच्या नावाने नुसती आंघोळ, हे तिला तोंडपाठ असतं.

दोन घरांच्या हकिकती जुळल्या नाहीत तर दोन्ही, सांगणाऱ्याच्या नावासकट, लिहून ठेवा. घाईने मधला मार्ग काढू नका. वंशावळ व्हॉट्सअॅपवर टाकताना हयात माणसांच्या जन्मतारखा आणि बायकांची माहेरची आडनावं काढून टाका, ओळख पटवण्यासाठी बँका नेमकं तेच विचारतात.