मोठ्या अक्षरातलं सूचनापत्रक : मराठी फॉन्ट निवडताना

काचबिंदू आणि मोतीबिंदूच्या रुग्णांना घरी नेता येईल असं डोळ्यांच्या थेंबांचं सूचनापत्रक करायचं होतं. इंग्रजीसाठी अमेरिकेतल्या ब्रेल इन्स्टिट्यूटने २०१९ मध्ये कमी दिसणाऱ्यांसाठी काढलेला ॲटकिन्सन हायपरलेजिबल हा फॉन्ट आहे, पण त्यात देवनागरी नाही. म्हणून मंगल, मुक्ता आणि नोटो सान्स देवनागरी हे तीन फॉन्ट घेऊन बसलो.

आधी पॉइंटचा आकडा विसरावा लागतो. देवनागरीत वर वेलांटी-रफाराला आणि खाली उकाराला जागा राखलेली असते, त्यामुळे १८ पॉइंटचा 'म' प्रत्येक फॉन्टमध्ये वेगळ्या उंचीचा निघतो. छापलेल्या कागदावर शिरोरेघेपासून तळापर्यंत पट्टीने मोजलं, तिन्ही 'म' सारख्या उंचीचे केले आणि मगच तुलना केली.

चाचणीच्या जोड्या अशा : घडा–धडा, भात–मात, बाटली–वाटली, खडा–रवडा, चिंता–चिता, भांडे–भाडे, ११–१९. त्यावर बटर पेपर धरायचा. कागदाला टेकवला तर सगळंच वाचता येतं; हळूहळू वर उचलायचा आणि कुठली जोडी आधी एक होते ते पाहायचं. सगळ्यात आधी अनुस्वार गेला, 'चिंता'ची 'चिता' झाली. मग 'भ'ची वरची गाठ गेली. मोतीबिंदूच्या धूसरपणाचा अंदाज यावरून येतो, पण ही फक्त पहिली चाळणी. शेवटचा शब्द रुग्णांचाच.

ठळक अक्षर जास्त वाचनीय, ही समजूत इथे नडते. बोल्डमध्ये 'क्ष', 'ध', 'भ' यांच्या आतली पोकळी भरते आणि अनुस्वार शिरोरेघेला चिकटतो. रेग्युलर धूसर नजरेला फिकं पडतं. मी मुक्ताचं मीडियम, म्हणजे या दोन्हींच्या मधल्या जाडीचं, घेतलं. त्यात पोकळ्या उघड्या राहतात आणि अनुस्वार सुटा दिसतो.

आकार १८ पॉइंट. २८ करून पाहिला, पण काचबिंदूने नजरेचा घेर आवळलेल्या माणसाला एका वेळी दोनच अक्षरं दिसतात, आणि ओळ हातची निसटते.

ओळींतलं अंतर २८ पॉइंट ठेवलं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराला भिडतो. वर्डमध्ये 'एक्झॅक्टली' निवडून आकडा कमी पडला तर वेलांट्यांचे माथेच कापले जातात. अक्षरांमधलं अंतर मात्र अजिबात वाढवू नका : शिरोरेघ तुटते आणि शब्दाचा एकसंधपणा जातो. मोकळेपणा हवा तर शब्दांमध्ये द्या. डावीकडून सरळ, उजवीकडून मोकळं. दोन्ही कडा जुळवल्या की शब्दांमध्ये कमी-जास्त खिंडारं पडतात.

मजकुराची भाषा मराठी ठरवायला विसरू नका. काही फॉन्ट त्याशिवाय हिंदी वळणाचे 'ल' आणि 'श' दाखवतात, आणि ज्येष्ठ वाचक तिथे अडखळतो.

कागद चकचकीत नको, दिव्याची तिरीप थेट डोळ्यांत येते. पातळही नको, मागची छपाई दिसते.

आकड्यांचं शेवटपर्यंत जमेना. बटर पेपरखाली १ आणि ९ तिन्ही फॉन्टमध्ये गोंधळ करत होते, आणि थेंब मोजताना तो गोंधळ परवडत नाही. म्हणून प्रत्येक ठिकाणी आकड्यापुढे अक्षरी लिहिलं : '१ – एक थेंब, ४ – चार वेळा'.