फोटोसंग्रह: पावसाळ्याआधी कुठवर आलं

संग्रह आता ३ टीबीच्या पुढे गेलाय. निम्म्याहून जास्त नांदूरमध्यमेश्वर अभयारण्यातले पक्षी. रोहितांचा (फ्लेमिंगोंचा) थवा उडाला की शटरवरचं बोट उचलायचंच नाही, या सवयीचं हे फळ. छाटणी चालू आहे, कंटाळवाणी आहे, पुढे जाऊ.

मजा आली ती २०१५च्या सिंहस्थाच्या फोटोंत. २९ ऑगस्ट, १३ सप्टेंबर, १८ सप्टेंबर, नाशिकची तिन्ही शाहीस्नानं. दोन कॅमेरे, एक मोबाइल. कॅमेऱ्यांच्या घड्याळांत फरक, त्यामुळे वेळेप्रमाणे लावले की साधू आधी रामकुंडात उतरतात आणि मिरवणूक मागाहून निघते! दोन्ही कॅमेऱ्यांत टिपला गेलेला एकच क्षण शोधला (एका निशाणाची काठी वळणावर कलली होती), फरक काढला आणि एक्झिफटूलने (फोटोतली माहिती बदलणारा प्रोग्राम) एका कॅमेऱ्याच्या सगळ्या वेळा तेवढ्या सरकवल्या. अर्थात आधी प्रत काढून. नातेवाइकांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेल्यांचं मात्र अवघड आहे. त्यातली एक्झिफ माहिती (फाइलमध्येच नोंदलेली तारीख-वेळ वगैरे) गळालेली असते आणि फाइलच्या नावातली तारीख फोटो काढल्याचीच असेल असं नाही. त्यांना ‘तारीख अंदाजे’ असा टॅग देऊन वेगळं बसवलं.

टॅगिंग डिजिकॅम या फोटो सांभाळायच्या प्रोग्राममध्ये करतो. टॅग नुसते त्याच्या डेटाबेसमध्ये ठेवू नका, एक्सएमपी साइडकारमध्येही (फोटोशेजारी राहणारी छोटी माहितीची फाइल) लिहायला लावा. उद्या प्रोग्राम बदलला तरी मेहनत फाइलशेजारीच राहते. एक बारकावा: डिजिकॅम साइडकारचं नाव मूळ एक्स्टेन्शन ठेवून पुढे एक्सएमपी जोडून करतं, लाइटरूम हा दुसरा फोटो-प्रोग्राम ते एक्स्टेन्शन गाळतो. डिजिकॅमच्या सेटिंगमध्ये हे जुळवून घ्यायची सोय आहे. ती सुरुवातीलाच लावलेली बरी.

आता बॅकअप. घरात दोन डिस्क आहेत, प्रश्न घराबाहेर ठेवायच्या तिसरीचा होता. सराफ बाजारातल्या मित्राचं घर सोयीचं, पण आम्ही पंचवटीत. गंगापूर धरणातून पाणी सोडलं आणि गोदापात्रातला दुतोंड्या मारुती बुडायला लागला की काळजी दोन्ही काठांना सारखीच. म्हणून तिसरी डिस्क सिन्नरला ताईकडे. क्लाउडचाही विचार केला, पण २० एमबीपीएसच्या अपलोडला १ टीबी म्हणजे अखंड साडेचार दिवसांहून जास्त. तिथे फक्त निवडक फोटो जातील.

सिन्नरच्या डिस्कवर बॅकअपसाठी आरसिंक या कॉपी करणाऱ्या प्रोग्रामऐवजी रेस्टिक हा बॅकअप प्रोग्राम वापरतोय. फोल्डरांची नावं मी सारखी बदलतो. आरसिंकला ती नवी वाटून तो सगळं पुन्हा कॉपी करतो. रेस्टिक आतला मजकूर ओळखतं, त्यामुळे जागा वाढत नाही आणि जुने स्नॅपशॉटही (त्या त्या वेळची संग्रहाची स्थिती) राहतात. दिवाळीला ताईकडे गेलो की सगळा डेटा वाचून तपासणी करायची, आणि एखादं फोल्डर खरंच परत काढून बघायचं. हे दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

छाटणी संपायच्या आत नवा हंगाम सुरू होणार, हे दिसतंच आहे. रोहितांच्या एकसारख्या पन्नास फ्रेममधून दोन निवडायची कुणाची काही झटपट पद्धत असेल तर सांगा.