जुना फोटो टाकू नका

"जुना फोटो आहे का घरात?" मिरजेत आमच्याकडे एक्स-रे काढायला येणाऱ्या प्रत्येकाला मी हे विचारतो. "आता नवीन काढलाय की डॉक्टर, जुना कशाला पाहिजे?" हे ठरलेलं उत्तर. नाहीतर मग, "२०१९ च्या पुरात गेला." त्यावर काय बोलणार?

मध्यंतरी डिग्रजकडचे एक आजोबा आले. हर्नियाच्या ऑपरेशनला फिटनेस पाहिजे म्हणून छातीचा फोटो. उजव्या फुफ्फुसात अगदी वर, गळ्याच्या हाडाआड, एक पांढरा ठिपका आणि दोन-तीन ओढल्यासारख्या रेषा. टीबीची ही आवडती जागा. जुना भरलेला डाग असेल, चालू टीबी असेल किंवा, आजोबांच्या खिशातलं विडीबंडल बघता, गाठही असेल. एकट्या फोटोवर सांगणं अवघड. सूनबाईंनी माळ्यावरच्या ट्रंकेतून दहा-बारा वर्षांपूर्वीची फिल्म शोधून आणली. दोन्ही शेजारी लावल्या. ठिपका तोच आणि तेवढाच. खोकला नाही, ताप नाही, वजनही तसंच. म्हणजे जुना भरलेला डागच. सीटी स्कॅनचा खर्च वाचला.

अर्थात दोन फोटो ताडून बघायचे तर ते सारखे काढलेले हवेत. मी आधी गळ्याच्या दोन्ही हाडांची आतली टोकं मणक्यापासून सारखी लांब आहेत का बघतो. नसतील तर माणूस वाकडा उभा होता. श्वास अर्धवट घेतला असेल तर फुफ्फुसाचा तळ पांढुरका दिसतो आणि न्यूमोनिया वाटतो. कॉटवर झोपवून समोरून काढलेल्या फोटोत हृदय असतं त्यापेक्षा मोठं दिसतं. त्यावरून "हार्ट वाढलंय" ऐकून रात्रभर न झोपलेली माणसं माझ्याकडे येतात. उभं करून, सहा फुटांवरून, पाठीकडून किरण सोडून परत काढला की बऱ्याचदा हार्ट जाग्यावर येतं.

मनगटाचं आणखी वेगळं. तालमीतला पोरगा हातावर पडतो. अंगठ्याच्या मुळाशी खळगीत दाबलं की कळवळतो, फोटो मात्र स्वच्छ. तिथल्या स्कॅफॉइड हाडाची चीर पहिल्या दिवशी दिसेलच असं नाही, म्हणून प्लॅस्टर घालून १०-१४ दिवसांनी परत फोटो काढायचा. पण घरचे म्हणणार, "मुरगळलंय, फोटो नॉर्मल आहे," आणि चोळायला नेणार. या हाडाला रक्त कमी मिळतं. चीर तशीच राहिली तर जुळत नाही. पोरगा सहा महिन्यांनी येतो तेव्हा पहिली फिल्म कुणाकडेच नसते.

तर फिल्म पाकिटात घालून कपाटात ठेवा, उन्हात नको. लॅमिनेशन तर अजिबात नको. हल्लीच्या बऱ्याच फिल्म उष्णतेनं काळ्या पडतात. एका मास्तरांनी हौसेनं करून आणली होती, छाती सोडा, नावसुद्धा वाचता येईना. आणि ट्यूबलाइटसमोर धरून मोबाईलवर काढलेला फोटो मला व्हॉट्सॲपवर पाठवू नका. त्यात ट्यूब तेवढी छान दिसते.