तुम्ही विचारलंत म्हणून: लॉकडाऊनमध्ये डोकं ठिकाणावर कसं राहिलं

भिशीत, लग्नाच्या पंगतीत, परवा तर भाजीच्या ठेल्यावर पण एकीनं विचारलं, "ताई, त्या लॉकडाऊनमध्ये तुमच्या घरात सगळे एवढे नीट कसे राहिले हो?" आता कोणाला ऑपरेशननंतर दोन महिने घरात काढायचे असतात, कोणाची मुलगी वर्क फ्रॉम होम करून कोमेजलेली असते, म्हणून विचारतात. तर एकदा सगळं लिहूनच टाकते.

पहिली गोष्ट, आम्ही नीट नव्हतो. निदान पहिले तीन आठवडे तरी नाही. 2020 चा पाडवा 25 मार्चला होता आणि त्याच दिवशी देशभर लॉकडाऊन लागला, इंदूरात कर्फ्यू. रामबागेतल्या आमच्या गल्लीत गुढ्या उभ्या होत्या पण खाली रस्त्यावर एक माणूस नाही. मग 30 मार्चपासून तीन दिवस तर किराणा-भाजीसुद्धा बंद. जिथे मध्यरात्री सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, पाय ठेवायला जागा नसते त्या गावात रात्री आठला कुत्र्यांचा आवाज तेवढा. आणि घरात आम्ही पाच जण, मी, हे, सासूबाई, मुलगी आणि माझा भाचा, जो पीएससीच्या, म्हणजे सरकारी नोकरीच्या परीक्षेच्या, तयारीसाठी भंवरकुआंला खोली घेऊन राहायचा, त्याला हे कसेबसे घरी घेऊन आले होते.

मला सगळ्यात जास्त कशानं पोखरलं असेल तर रात्रीच्या बुलेटिननं. जिल्ह्याचा आकडा रात्री उशिरा यायचा, आज किती पॉझिटिव्ह, किती गेले, कोणकोणत्या कॉलनीत, आणि तो येईपर्यंत मी फोन हातात घेऊन जागी, आला की दहा ग्रुपवर तोच, मग त्यावरची चर्चा, मग कोणीतरी टाकलेला ॲम्बुलन्सचा व्हिडिओ, आणि मग दोन वाजेपर्यंत छताकडे बघत पडायचं. दिवसभर छातीत धडधड, मुलीवर उगाच ओरडणं, पोळ्या करताना डोळे भरून येणं. एका रात्री सासूबाई उठून आल्या आणि म्हणाल्या, "अगं, तो आकडा सकाळी वाचलास तर बदलणार आहे का?"

तेवढंच बोलल्या. पण मला ते इतकं लागलं की दुसऱ्या दिवसापासून फोन रात्री साडेनऊला स्वयंपाकघरात, मिक्सरच्या शेजारी, आणि बुलेटिन सकाळी चहानंतर एकदाच. बातम्या बंद केल्या नाहीत, आपल्या गल्लीत काय चाललंय ते कळायलाच हवं, पण त्यांना वेळ ठरवून दिला. चार-पाच दिवसांत झोप परत आली. मला विचाराल तर बाकी सगळे उपाय याच्यानंतर.

दुसरं, सकाळ. कर्फ्यूतही एक गोष्ट रोज यायची, ती म्हणजे कचरा गाडी आणि तिचं गाणं. नंतर किराण्याच्या याद्या घ्यायचं कामपण नगर निगमनं त्याच गाडीवाल्यांना दिलं होतं, त्या लोकांचे उपकार मी विसरणार नाही. तर आमच्या घरात नियम झाला, गाडीच्या गाण्याच्या आधी सगळ्यांच्या अंघोळी आणि चहा गच्चीवर, उन्हात. सकाळचा उजेड डोळ्यांत गेला की शरीराच्या आतलं घड्याळ लागतं आणि रात्री वेळेवर झोप येते, हे तेव्हा वाचलं होतं पण अनुभवलं त्या गच्चीवर. तिथेच फेऱ्या मारायच्या, 25 मिनिटं, आठवड्यातून सहा दिवस. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान 150 मिनिटं हालचाल सांगते, ती अशी आपोआप भरते. नाश्त्याला पोहे असोत की शिळी पोळी, बसायचं सगळ्यांनी मिळून. बाकी दिवस मग कसाही गेला तरी चालायचा, आम्ही काही पाच मिनिटांचं टाइमटेबल लावलं नव्हतं, तसं लावलेली घरं आठवड्यात थकलेली मी बघितली आहेत.

तिसरं, फोन करायचा तो "कशा आहात?" विचारायला नाही. मागच्या गल्लीत एक आजी एकट्या होत्या, मुलगा पुण्यात अडकलेला. कशा आहात म्हटलं की त्या म्हणायच्या "बरी आहे गं", आणि बोलणं संपायचं. मग मी रोज संध्याकाळी पाचला विचारायला लागले, आज भाजी काय केली, आणि मग कळायचं की भाजी केलीच नाही, कालपासून दूध-पोळीवर आहेत, एकटीसाठी गॅस पेटवायचा कंटाळा येतो. तिथून खरं बोलणं सुरू व्हायचं.

आता भाच्याचं, आणि हे सांगायला त्याचीच परवानगी आहे. परीक्षा पुढे गेली आणि हा मुलगा हळूहळू मिटत गेला. गच्चीवर यायचं बंद, बारापर्यंत झोपून, जेवण अर्धवट, पुस्तक उघडं पण पान तेच. मी आपली सांगतेय सूर्यनमस्कार घाल, गाणी ऐक. एक दिवस म्हणाला, "आत्या, मी नसलो तर कोणाला काय फरक पडणार आहे?" माझे हातपाय गार पडले. पण त्या क्षणी एक बरोबर सुचलं, "असं बोलू नये" म्हणून गप्प केलं नाही, त्याच्याजवळ बसले आणि सरळ विचारलं, स्वतःला काही करून घ्यायचा विचार येतो का. तो रडला, खूप वेळ. असं विचारल्यानं डोक्यात नसलेलं येत नाही, उलट माणूस मोकळा होतो.

त्याच दिवशी ओळखीतून मानसोपचार डॉक्टरांचा नंबर मिळवला. फोनवरून तपासायचे नियम सरकारनं त्याच मार्चमध्ये काढले होते त्यामुळे कर्फ्यूत बाहेर पडावं लागलं नाही. डॉक्टर म्हणाले, दोन आठवड्यांहून जास्त रोज असंच उदास वाटत असेल, कशातच मन लागत नसेल, तर तो आळस नाही, आजार आहे. आणि मरायचा विचार आला तर दोन आठवडेसुद्धा थांबायचं नाही. गोळ्यांचा असर दिसायला दोन ते चार आठवडे लागतात हे त्यांनी आधीच सांगितलं म्हणून आम्ही मध्येच सोडल्या नाहीत. तेवढे दिवस हे त्याच्या खोलीत झोपायचे. महिनाभरानं एका सकाळी तो स्वतःहून गच्चीवर आला, काही बोलला नाही, कठड्याला टेकून चहा प्यायला.

तेव्हा आम्हाला नंबर शोधावा लागला. आता 2022 पासून टेली मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, 14416, फुकट, दिवसरात्र, मराठीत पण बोलता येतं. घरात कोणी असं मिटत चाललेलं दिसलं तर लावा. आणि हिंमत होत नसेल तर माझ्याकडे या, मी शेजारी बसून लावून देते.