तुम्ही विचारलंत म्हणून: फाटकाबाहेरच्या घागरी

‘मोर्चात सगळ्या बायका आणि पुढारी पुरुष, मग चळवळ टिकणार कशी?’ बेळगावात आलेला पाहुणा हे विचारतोच. वर मुंबईच्या समाजवादी नेत्या मृणाल गोरेंचा दाखला. कबूल, १९७२ च्या महागाईविरोधी आंदोलनात लाटणी त्यांच्या हातात होती आणि मंत्र्यांना जाबही त्याच विचारत होत्या, सोबत अहिल्या रांगणेकर. पण ती मुंबई.

इथंही पाण्याचा मोर्चा बायकाच उभा करतात. दहा घरांमागे एकीनं निरोप द्यायचा, घागर रिकामी आणायची, वेळ अकरानंतरची आणि मुलं शाळेतून यायच्या आत संपणारी. नळाला पाणी यायच्या दिवशी मोर्चा ठेवला की फसलाच.

फसतो तो खरा कचेरीच्या फाटकावर. ‘पाच जणांनीच आत या.’ आत बोलणं कन्नडमध्ये, कागद कन्नडमध्ये. महाराष्ट्रातल्या चंदगड-आजऱ्याहून लग्न होऊन आलेलीनं कन्नड शाळेत पाहिलेलंच नसतं. इथल्या मराठी शाळेत शिकलेलीला वाचता येतं, पण कचेरीचं कन्नड कचेऱ्या फिरून येतं आणि फिरतात पुरुष. म्हणून चार ते आणि शोभेला एक ताई. साहेब विचारतात, व्हॉल्व्ह किती वाजता उघडतो? शेवटच्या घरापर्यंत दाब कुठल्या दिवशी येत नाही? चौघं एकमेकांकडे बघतात. ज्यांना मिनिटासकट ठाऊक आहे त्या बाहेर उन्हात. चौघं ‘बघतो म्हणालेत’ एवढंच घेऊन येतात. निवेदनाच्या प्रतीवर ना पोचेचा शिक्का, ना आवक क्रमांक. पुढच्या वेळी पाठपुरावा कशाचा करणार? बायका घरी राहतात आणि लोक म्हणतात, बायकांचा उत्साह संपला.

पूर्वी मी सगळा दोष बायकांसाठीच्या राखीव वॉर्डांना द्यायचे. १९९२ च्या घटनादुरुस्तीनं एक तृतीयांश जागा आल्या, चळवळीतल्या बाया उमेदवार झाल्या, फोन मात्र नवरा उचलतो. खोटं नाही. पण नळाची गळती दुरुस्त होते तीही त्याच फोनवर, हे तेव्हा मला बघायचं नव्हतं.

‘मग कन्नड शिका की!’ शिकाव्यात. पण मराठीतून कागद मागणाऱ्या गावात हे बोलणारीला फितूर ठरवतात. खरं तर मराठी कागदांची मागणी सर्वांत आधी बायकांची. मान्य झाली तर त्या स्वतः आत जातील. जातील ना? मुंबईत भाषेची अडचण नव्हती, तरी आणीबाणीनंतर ते लाटणं पुन्हा तसं वाजलं नाही.